सहा ते आठ, मैदान क्रमांक सात

ते साल एकोणीसशे एकाहत्तर. साल इतकं पक्कं लक्षात राहायचं कारण म्हणजे त्या वर्षीच्या दरपत्रकाच्या माथ्यावर ते मीच टाइप केलं होतं, सात प्रतींत, मधे कार्बन घालून. सातव्या प्रतीवर ते इतकं फिकट उमटलं की मला पेनानं गिरवावं लागलं. नगरपालिकेची खेळाची मैदानं तोपर्यंत जवळजवळ बेवारस होती. कुणी अर्ज केला तर चिठ्ठी मिळायची, नाही केला तरी फाटक उघडंच असायचं. त्या वर्षी मैदानांना तासावर भाडं लावायचं ठरलं आणि ते काम आमच्या साहेबांकडे आलं. साहेबांना कचेरीत सगळे चौकटसाहेब म्हणत, कारण ते साध्या कागदावरही आधी चार रेघांची चौकट आखत आणि मगच आत लिहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दर ठरवण्याआधी मोजायचं. प्रत्येक मैदानावर पंधरवडाभर माणूस बसवायचा आणि कोणत्या तासाला किती माणसं खेळतात ते लिहून काढायचं. गर्दीच्या तासाला एक दर, मधल्या तासाला दुसरा. ज्या तासाला चौदाच्या चौदा दिवस कुणीच आलं नाही तो तास पडीक. पडीक तास वर्षभराच्या ठोक भाड्यानं एकाच मागणाऱ्याला देऊन टाकायचे, आणि त्या वेळात फाटकाला कुलूप. "रिकामी जागा म्हणजे नासाडी, बाई," साहेब म्हणाले, आणि सात नंबरच्या मैदानाची सकाळची मोजणी, सहा ते दहा, त्यांनी माझ्याकडे दिली, कारण ते माझ्या घरापासून सर्वांत जवळ. मी तेव्हा हंगामी होते. दर अकरा महिन्यांनी माझी नोकरी संपायची आणि एक दिवस घरी बसून पुन्हा सुरू व्हायची. त्या एका दिवसाची धास्ती मला उरलेले अकरा महिने पुरायची. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "हे नीट करा. मग तुमचं कायमचं बघू."

घरी मी मोजणीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी काय म्हटलं असतं ते मला शब्दांसकट ठाऊक होतं. मोकळ्या मैदानात, पुरुषांमध्ये, पहाटे, सुनेनं वही घेऊन बसायचं म्हणजे त्यांच्या लेखी नोकरी नव्हे, तमाशा. म्हणून मी म्हटलं की पंधरा दिवस कचेरीत सकाळी लवकर टायपिंगचं काम आहे. हे नुसते "बरं" म्हणाले आणि कूस बदलली. घरात आम्ही चौघं. हे, सासूबाई, मी आणि वन्सं. वन्सं यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या, तेव्हा अडतीसच्या, लग्न न झालेल्या, मोठ्या रुग्णालयात परिचारिका. चार वर्षं त्या कायम रात्रपाळी करत होत्या. पाळी सकाळी आठला सुटते असं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. साडेआठला त्या दारात उभ्या असायच्या. त्यांच्या दिवसाचा एकेक तास घरात वाटून दिलेला होता: सासूबाईंचं औषध, बाजार, कपडे, दुपारची चार तासांची झोप, की पुन्हा पाळी. याबद्दल कुणाला काही वाटायचं नाही, मलासुद्धा नाही. त्यांच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला, नेहमी लाल चट्टे असत. सासूबाई तेल कोमट करून चोळायच्या आणि जड रोग्यांना शिव्या घालायच्या. "माणसं आजारी पडतात तीही बैलाएवढी," त्या म्हणायच्या. वन्सं हात पुढे करून निमूट बसायच्या, आणि त्यांच्या तोंडावर एक असं काही असायचं की मी ते दमणूक समजत होते.

पहिल्या दिवशी मी पावणेसहाला निघाले. धुकं इतकं की रस्त्यावरचा दिवा लागलेला दिसायचा पण त्याखालचा खांब दिसायचा नाही. माझ्याच चपलांचा आवाज कुणी दुसऱ्यानं मागून करावा तसा कानावर येत होता. थांबले की तोही थांबायचा. मी माझीच समजूत घालत पाण्याच्या टाकीला वळसा घालून मैदानाच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. फाटक लोखंडी, थंड, हात लावला तर बोटं चिकटतील असं. मी ते ढकलणार तेवढ्यात आतून आवाज आला. धप्प. मग काही नाही. मग पुन्हा धप्प, आणि त्यामागून धावणारी पावलं, बरीच, एकदम एका दिशेनं आणि लगेच उलट. कुणाचा तरी दमलेला श्वास फाटकापासून दहा हातांवर आला आणि परत गेला. मग हसणं. दाबलेलं, तोंडावर हात ठेवून केलेलं, अनेकांचं मिळून. दिसत काहीच नव्हतं. पांढरं, नुसतं पांढरं, आणि त्यात ते हसणं. मला वाटलं, ते मला हसताहेत. मी आलेय हे त्यांना कळलंय. आज ऐंशी उलटल्यावर मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकून पाहते, आणि ते बायकांचं हसणं होतं हे इतकं उघड आहे की तेव्हा ते मला कसं कळलं नाही याचंच नवल वाटतं. पण पहाटे सहाला धुक्यात, कुणी बघत नसताना, बायका हसत असतील, असं जगच माझ्या माहितीत नव्हतं. मी वही छातीशी धरली आणि पळाले.

घरी परत जाता येत नव्हतं, कारण मी कचेरीत होते. कचेरीत जाता येत नव्हतं, कारण मी मैदानावर होते. म्हणून मी बसस्थानकात गेले, बायकांच्या प्रतीक्षागृहात. तिथे एक लांब बाक, भिंतीवर काच तडकलेलं घड्याळ आणि फिनेलचा वास. बाकाच्या टोकाला बसून मी वही उघडली. सहा ते सात. पेन कितीतरी वेळ त्या चौकटीवर टेकवून ठेवलं. काही लिहायला हवं होतं आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी शून्य लिहिलं. सात ते आठ, शून्य. दोन्ही शून्यं नीट गोल आली. दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या वाटेला गेलेच नाही, सरळ बसस्थानक. असे चौदा दिवस. त्या बाकावर बसून मला दर दिवशी एकच आठवण यायची, माझ्या माहेरची. गच्चीवर पाण्याची टाकी होती, तिला लोखंडी शिडी, आणि टाकी भरली का ते पाहून येणं हे माझं काम. मला त्या शिडीची भीती वाटायची. मी अर्ध्या जिन्यात बसून शंभरपर्यंत आकडे मोजायची आणि खाली येऊन सांगायची, "भरली." आणि खरंच, प्रत्येक वेळी ती भरलेली असायची. वडील नळ बंद करायचे आणि पाणी वाया जायचं नाही. खोटं बोललं तरी जग कधीकधी आपणहून त्याच्याशी जुळवून घेतं, हे मी फार लहानपणी शिकले. इतक्या सकाळी, इतक्या धुक्यात, त्या भयाण जागेत कोण खेळायला येणार, मी स्वतःला म्हणायची. जे होतं ते माणसांचं नव्हतंच, आणि तक्त्यात तर माणसंच मोजायची होती.

आठ वाजून गेल्यावर मात्र मी मैदानावर हजर असायची. तोवर धुकं उठलेलं असायचं, आणि मैदान इतकं साधं, हिरवं आणि निरुपद्रवी दिसायचं की मला माझीच लाज वाटायची. आठ ते दहा मी प्रामाणिकपणे मोजलं. शाळेची मुलं, फुटबॉलवाले, गोल चकरा मारणारे दोन म्हातारे. मैदानाची राखण एका माणसाकडे होती. खेळाच्या रेषा आखायची ती पांढरी फक्की दिवसभर हाताळून त्याचे हात, भुवया, बुटांचे बंद सगळं पांढरं झालेलं असायचं, म्हणून सगळे त्याला फक्कीमामा म्हणत. त्याची हजेरी सहाची, पण तो यायचा आठनंतर, माझ्या मागोमाग, सायकल रेटत. पहिल्याच दिवशी त्यानं मला पाहिलं, मी त्याला. दोघांनीही काही विचारलं नाही. माझ्या प्रत्येक दिवसाच्या तक्त्याखाली त्याची सही लागायची. तो वही गुडघ्यावर ठेवून, वर काय लिहिलंय ते न बघता, सही करायचा, आणि कागदावर त्याच्या अंगठ्याचा पांढरा ठसा राहायचा. एकदा मी पाहिलं की मैदानाच्या रुग्णालयाकडच्या कोपऱ्यात काल आखलेल्या रेषा पार पुसल्या गेल्या आहेत आणि गवत तुडवलेलं आहे. मी विचारलं, "मामा, हे काय?" तो फक्कीची बादली उचलत म्हणाला, "भुतं खेळतात बाई. आपण काय करणार? त्यांनी पुसायचं, मी आखायचं." आणि हसला. मी हसले नाही. त्या दिवसाची शून्यं मी आधीच लिहून बसले होते. तरी वही उघडून ती पुन्हा पाहिली, जणू ती कुणी बदलली असतील.

महिनाभरात मसुदा लागला. कचेरीच्या दारातल्या फळ्यावर, सातही मैदानांचा, एकाखाली एक. मैदान क्रमांक सात, सकाळी सहा ते आठ, पडीक तास, ठोक भाडं, सोबत एका विमा कंपनीच्या क्रीडा मंडळाची मागणी. हरकती पंधरा दिवसांत. रविवारी हे जेवताना म्हणाले, "नगरपालिका आता मैदानांना मीटर लावणार म्हणे. पुढच्या वर्षी श्वासाला लावतील." सासूबाई म्हणाल्या, "लावू देत. पोरं घरात तरी बसतील." वन्सं ताट बाजूला सारून माझ्याकडे वळल्या. "तुमच्याच कचेरीतून निघालंय ना गं हे?" मी म्हटलं, "वरच्या मजल्यावरून. मी नुसती टायपिंगला." वन्सं म्हणाल्या, "सात नंबरला सकाळचं कुलूप का घालतायत?" "रिकामं असतं म्हणून असेल." "कोण म्हणतं रिकामं असतं?" त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण घरात त्यांनी कधी कुणाला दुसऱ्यांदा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून हेसुद्धा मान वर करून बघायला लागले. वन्संनी लगेच पाण्याचा पेला उचलला. "रुग्णालयात बोलत होते कुणीतरी," त्या म्हणाल्या. तेवढंच. पण मी हातातला घास ताटात ठेवला. त्या मैदानाला आम्ही सगळे टाकीमागचं मैदान म्हणायचो. सात नंबर फक्त कचेरी म्हणायची, फक्कीमामा म्हणायचा, आणि तो फळा म्हणायचा. वन्संनी फळा वाचला होता, तोही नीट, तासासकट. का वाचला असेल, याचा विचार मी स्वतःला करू दिला नाही. उठून भांडी घासायला घेतली आणि नळ मोठा सोडला.

हरकतींची टपालं मीच फोडत होते. तेराव्या दिवशी एक लिफाफा आला, रुग्णालयाचा. आत एकच कागद. आम्ही खाली सह्या करणाऱ्या बारा परिचारिका रात्रपाळी पहाटे सहाला संपल्यावर मैदान क्रमांक सातच्या कोपऱ्यात, दोन खांबांना दोरी बांधून, व्हॉलीबॉल खेळतो. गेली चार वर्षं, रविवार सोडून रोज, सहा ते आठ. मैदानाच्या मागच्या, रुग्णालयाकडच्या फाटकाची किल्ली आम्हाला विश्वासानं मिळालेली आहे. आम्हाला दुसरी वेळ नाही. खाली बारा सह्या, आणि तिसरी सही वन्संची. ते अक्षर मी रोज दुधाच्या हिशेबाच्या वहीत पाहत होते. शेपटी काढलेलं, जरा उजवीकडे झुकलेलं. मी कागद उलटा ठेवला. पुन्हा सरळ केला. पहिल्यांदा जे कळलं ते हे की पाळी सहाला सुटते. आठला नाही, सहाला. चार वर्षं त्या बाईनं आमच्या सगळ्यांच्या दिवसातून दोन तास काढून घेतले होते आणि आम्हाला कुणाला ते कमी पडले नव्हते. मग हातांवरचे चट्टे कळले. मग ते धुकं, ती धप्प, ते हसणं, आणि त्या धावत्या, दमलेल्या श्वासांपैकी एक माझ्या घरात रोज माझ्या शेजारी बसून चहा पिणारा होता, हे कळलं. हे कळून मला आनंद झाला असता, किंवा राग आला असता, तर बरं. पण मला फक्त भीती वाटली, आणि ती माझ्यासाठीच. चौदा दिवस, दोन-दोन तास, अठ्ठावीस शून्यं, खाली माझी सही.

तो कागद मी आवक वहीत चढवला नाही. पिशवीत घातला. दोन दिवस तो माझ्या घरात होता, दाराच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत, आणि वन्सं त्या दारातून जात-येत होत्या. एकदा त्यांनी पिशवी बाजूला करून मागची छत्री घेतली आणि मी इतकी दचकले की सासूबाई म्हणाल्या, "दचकतेस काय? छत्रीच आहे." फाडून टाकणं सोपं होतं. मोरीत जाऊन चार तुकडे केले असते की कुणाला पत्ता लागला नसता. मी दोनदा मोरीपर्यंत गेलेही. पण माझी भीती बारीकसारीक गोष्टींची होती. रुग्णालयाच्या जावक वहीत त्या लिफाफ्याचा नंबर असणार, कुणीतरी पोच मागणार, आणि हरकत गहाळ करणाऱ्या हंगामी कारकुनाला कायम कोण करणार? पंधराव्या दिवशी, पाच वाजायला दहा मिनिटं असताना, मी तो कागद वहीत चढवला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. पुढे कुणी मला सांगितलं असतं की तू निदान ते पत्र तरी दाबलं नाहीस, तर मी ते मान्य केलं नसतं. एका भीतीनं दुसरीला ढकललं होतं, इतकंच.

सुनावणी बुधवारी, सभागृहाशेजारच्या लांबट खोलीत. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं साहेबांचे तक्ते उडायचे. मोठ्या टेबलामागे साहेब आणि समितीचे दोन सभासद, कडेच्या छोट्या टेबलाशी मी, समोर चौदा तक्ते. फक्कीमामा दाराशी उभा, पांढऱ्या हातात टोपी. बारा जणींनी आपल्यातल्या एकीला पाठवलं होतं. दार उघडलं आणि वन्सं आत आल्या, गणवेशावर तपकिरी कोट, रात्रीच्या पाळीवरून तशाच. मी इतके दिवस याच क्षणाला भीत होते, पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती, की मी तिथे असेन हे त्यांना माहीत नसेल. त्यांची नजर टेबलावरून फिरत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. ओळख दाखवावी की नाही, हे मला कळेना. त्यांनी दाखवली नाही. त्या बसल्या, आणि साहेबांनी विचारल्यावर जे पत्रात होतं तेच सांगितलं, शांतपणे, दोरी, खांब, चार वर्षं. एक सभासद जाड मिशांचे होते, ते म्हणाले, "रात्रभर काम करून वर खेळायचं? आम्हाला तर कचेरीतून घरी जाईपर्यंत धाप लागते." थोडं हसू झालं. वन्सं म्हणाल्या, "रात्रभर माणसं मरताना बघितली की लगेच घरी जाववत नाही, साहेब." मग कुणी हसलं नाही. मला त्या वाक्याचा अर्थ लागायला जरा वेळ लागला. चार वर्षं त्या ज्या घरी जायला बिचकत होत्या, ते घर म्हणजे आम्हीच.

साहेब म्हणाले, "बाई, सातचा तक्ता वाचा." मी उभी राहिले. पहिला दिवस. सहा ते सात, शून्य. सात ते आठ, शून्य. दुसरा दिवस. सहा ते सात, शून्य. माझा आवाज दुसऱ्याच खोलीतून येत होता. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की मधेच कुणीतरी मला थांबवेल, आणि कुणी थांबवत नव्हतं. बाराव्या दिवशी मला दिसलं की वन्सं माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या हातातल्या कागदाकडे बघताहेत, आणि त्यांना सगळं कळतंय: बसस्थानक नाही, पण मी तिथे नव्हते हे; लवकरचं टायपिंग कसलं होतं तेही. चौदावा दिवस संपला. साहेब म्हणाले, "मोजणी कोणी केली?" मी म्हटलं, "मी." "रोज सहाला हजर होता?" खोलीत घड्याळ नव्हतं, तरी मला टिकटिक ऐकू येत होती. नाही म्हणायला एकच शब्द लागतो. तो माझ्या जिभेवर होता, त्याची चव लोखंडी होती. मी म्हटलं, "हो." साहेब दाराकडे वळले. "आणि ही खाली सही तुमची?" फक्कीमामानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो नाही म्हणाला असता तर सहाला तो कुठे होता, हा पुढचा प्रश्न होता, आणि मागच्या फाटकाची किल्ली कुणी दिली, हा त्याच्या पुढचा. "माझीच, साहेब," तो म्हणाला. मिशीवाले सभासद वन्संकडे झुकले. "म्हणजे आमच्या या बाई खोटं बोलतात, असं तुमचं म्हणणं?"

तेव्हा वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत, नंतर मला कळलं, रुग्णालयाचा हजेरीपट होता, बारा जणींची सुटण्याची वेळ लिहिलेला, शिक्क्यासह. त्यांनी तो बाहेर काढला नाही. त्या म्हणाल्या, "नाही. त्या बरोबर सांगतायत. त्या पंधरवड्यात आम्ही गेलो नव्हतो." साहेबांनी पेन्सिल थांबवली. "चार वर्षांत नेमक्या त्याच पंधरवड्यात?" "हो. वॉर्डात गर्दी होती." "सगळ्या वॉर्डांत?" "सगळ्या," वन्सं म्हणाल्या, आणि उठून कोटाची बटणं लावायला लागल्या. साहेबांनी त्यांच्या कागदावरची चौकट पुरी केली. हरकत निकालात. बाहेर जिन्यावर फक्कीमामा माझ्या मागून आला आणि हळूच म्हणाला, "वाचलो बाई आपण." मी न थांबता जिना उतरले. पण त्या "आपण"मध्ये मी बसले होते, आणि तिथून मला आजपर्यंत उठता आलेलं नाही.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा माझे पाय जिन्यातच थबकले. आत गेल्यावर काय ऐकावं लागेल याच्या मी कितीतरी परी मनात करून ठेवल्या होत्या. वन्सं भाजी निवडत होत्या. "आलीस? चहा झाकून ठेवलाय," त्या म्हणाल्या. त्यानंतरही काही नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी रोज वाट बघायची. बोलल्या असत्या तर भीतीला एक शेवट आला असता. पहिल्या तारखेपासून मैदानाला कुलूप लागलं, आणि वन्सं साडेसहालाच घरी यायला लागल्या. सासूबाईंना फार आनंद झाला. "अखेर सोडायला लागले ना माझ्या लेकीला वेळेवर," त्या सगळ्यांना सांगायच्या. महिन्याभरात हातांवरचे चट्टेही गेले. सासूबाई तेलाची वाटी उचलून ठेवताना म्हणाल्या, "बघ कसे नितळ झाले हात. देव पावला." वन्सं स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होत्या. मी खोलीबाहेर गेले. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचा हुकूम मिळाला. हे पेढे आणू का म्हणाले, तर मी म्हटलं, नको, माझं पोट बिघडलंय.

चौकटसाहेब पुढे बढती मिळून मोठ्या कचेरीत गेले. त्यांचा तक्ता बाकीच्या नगरपालिकांनी उचलला, आणि अजूनही कुठे मैदानांच्या भाड्याची पाटी दिसली की मी ती वाचायला थांबत नाही. फक्कीमामाची दोन वर्षांत रोपवाटिकेत बदली झाली, तिथे आखायला काही नव्हतं. तो नोकरीत असतानाच गेला. सासूबाई लेक वेळेवर घरी येते या समाधानात नऊ वर्षं जगल्या. हे सत्त्याण्णव साली गेले, त्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही गैरहजर राहिले नाही. लोक त्याचं कौतुक करत. वन्सं शेवटपर्यंत माझ्याकडेच होत्या. शेवटच्या महिन्यात, मी त्यांना पाणी पाजत असताना, मी ते एकदाचं बोलले. म्हटलं, वन्सं, मी तेव्हा तिथे आलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. पण तू खरं सांगितलं असतंस तर मी आईला काय सांगितलं असतं? मीसुद्धा भ्यालेच होते." मग म्हणाल्या, "तू उगाच सगळं अंगावर घेतेस." यातलं खरं किती होतं आणि मला झोप लागावी म्हणून किती, हे मी अजून ठरवू शकले नाही. चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांना न्यायला आलेल्या माणसांत मी प्रत्येक वयस्क बाईकडे निरखून बघत होते, त्यांपैकी कुणी असेल का म्हणून. पण ओळखणार कशी? उरलेल्या अकरा जणींचं काय झालं ते मला माहीत नाही. त्यांची नावं त्या पत्रावर होती, माझ्या पिशवीत दोन दिवस होती, आणि तिसऱ्या सहीच्या पुढे मी वाचलंच नव्हतं.